'शास्त्रज्ञांचंच एकमत नाही' असं पडवीत कोणी म्हणालं तर वाद कसा घालायचा

आमच्याकडे हा वाद दरवर्षी गणपतीत होतो. देवगड तालुक्यातलं गाव, मुंबैचे चाकरमानी आलेले, संध्याकाळची आरती झालेली, पडवीत दहा-बारा माणसं टेकून बसलेली, आणि कोणीतरी सहज म्हणतं की काय हा उकाडा, भाद्रपदात असं कधी होतं का. कॉलेजातलं एखादं पोर लगेच म्हणतं ग्लोबल वॉर्मिंग. की आमचे थोरले काका अडकित्ता खाली ठेवतात आणि म्हणतात, "अरे, त्या शास्त्रज्ञांचाच एकमत नाय, आणि तुमी खयचा काय घेवन बसल्यात!" पुढचा तासभर मग कोणी कोणाचं ऐकत नाही, आवाज चढतात, आतून काकी ओरडते की गणपतीसमोर भांडू नका, आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद परत पहिल्यापासून.

मी या वादात सात-आठ वर्षं आहे. सुरुवातीला मला वाटायचं की माणसामुळे पृथ्वी तापतेय हे ९७ टक्के शास्त्रज्ञ मान्य करतात एवढं सांगितलं की विषय संपला. तसं होत नाही, उलट समोरचा जास्तच पेटतो, कारण त्याला वाटतं हा मला आकडा दाखवून गप्प बसवतोय. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आमचं घर आंब्याच्या कलमांवर चालतं आणि मामाचं होडीवर, आणि "त्यांचंच अजून ठरलेलं नाही" म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी हा प्रश्न सोडून दिला तर नुकसान आपलंच आहे. म्हणून जे शिकलो ते लिहितोय, ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्या.

आधी विचारा, एकमत कशावर?

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. काका "एकमत नाही" म्हणतात तेव्हा चार वेगवेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. पृथ्वी तापतेय का. ते माणसामुळे होतंय का. पुढे किती तापेल आणि आपल्याकडे नेमकं काय होईल. आणि चौथा, मग करायचं काय. पहिल्या दोन प्रश्नांवर शास्त्रज्ञांचं एकमत आहे आणि ते पक्कं आहे. तिसऱ्यावर काही गोष्टी ठरल्यात, काहींवर अजून जोरात भांडण चालू आहे. चौथा प्रश्न एकट्या शास्त्रज्ञांचा नाहीच, तो तुमचा माझा, ग्रामसभेचा, सरकारचा आहे.

हे गाठोडं सोडलं नाही तर काय होतं याचं आपल्याकडचं उदाहरण जैतापूर. माझा एक चुलत भाऊ राजापूर बाजूचा, तो ग्लोबल वॉर्मिंग हा शब्द ऐकला की भडकतो, कारण ९,९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाची बाजू मांडणाऱ्यांनी त्याला पहिल्यांदा हा शब्द ऐकवला, की बघा कोळशाने पृथ्वी तापते म्हणून अणुवीज हवी. त्याच्या डोक्यात हिशोब सरळ आहे, ग्लोबल वॉर्मिंग मान्य केलं की माडबनचा सडा, म्हणजे गावाचं कातळाचं पठार, गेला. त्याच्याशी मी दोन वर्षं कार्बन डायऑक्साइडवर भांडलो आणि तो खरं तर जमिनीवर भांडत होता. शेवटी एकदा म्हटलं, दादा, पृथ्वी तापतेय हे मान्य करून पण तू प्रकल्पाला नको म्हणू शकतोस, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा पहिल्यांदा तो शांत बसून ऐकायला लागला. तसंच "अमेरिकेने धूर सोडला आणि आम्ही भोगायचं का" हे कोणी म्हणालं तर त्याला खोडू नका, त्याचं म्हणणं रास्त आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि अमेरिकेत १४ च्या आसपास. पण हा न्यायाचा प्रश्न झाला, आणि धूर कोणी सोडला यावर भांडायचं तर धुराने तापतं हे आधीच धरलेलं असतं, हे त्याला हळूच दाखवून द्या.

आता तो ९७ टक्के. हा वापरायचा असेल तर तो कुठून आला हे माहीत पाहिजे, नाहीतर कोणीतरी मोबाईल काढून तुम्हाला तोंडघशी पाडेल. २०१३ साली जॉन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते २०११ मधल्या ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश वाचून काढले. त्यातल्या ३,८९६ सारांशांत माणसामुळे तापमान वाढतंय हे मान्य केलेलं होतं, ७८ मध्ये नाकारलेलं, ४० मध्ये नक्की नाही असं म्हटलेलं. ज्यांनी काही मत दिलं त्यांच्यात हे ९७ टक्के निघतात. उरलेल्या सुमारे दोनतृतीयांश सारांशांत या प्रश्नावर काहीच म्हटलेलं नव्हतं, आणि समोरचा नेमकं इथेच धरतो, की बघा, ६६ टक्के तर गप्प आहेत, मग कसलं एकमत.

याचं उत्तर आपल्या भाषेत देता येतं. आंब्यावरच्या तुडतुडे किडीवर कुठली फवारणी चालते यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठातला माणूस निबंध लिहितो तेव्हा कलमाला उन्हातून अन्न मिळतं हे तो सुरुवातीला सिद्ध करत बसतो का? ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून कोणी लिहीत नाही. म्हणून तो आंब्याच्या झाडाबद्दल साशंक आहे असं आपण म्हणणार का? आणि कुकचे लोक इथे थांबून राहिले नाहीत, त्यांनी मूळ लेखकांनाच विचारलं की तुमच्या पूर्ण निबंधात तुमचं मत काय होतं. सुमारे १,२०० लेखकांनी २,१४२ निबंधांबद्दल उत्तरं दिली, गप्प असलेल्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांवर आलं आणि मत देणाऱ्यांत मान्य करणारे परत ९७ टक्केच निघाले. त्याआधी २००४ मध्ये नाओमी ओरेस्केस यांनी ९२८ सारांश तपासले होते, त्यात विरोधात एकही नव्हता. २०२१ मध्ये मार्क लायनस वगैरेंनी २०१२ नंतरचे ८८,१२५ निबंध घेतले तर एकमत ९९ टक्क्यांच्या वर गेलं. एक सावध करतो, २००९ चा एक सर्व्हे आहे ज्यात ७७ पैकी ७५ हवामानतज्ज्ञ हो म्हणाले, तो आकडा वापरू नका, खोटा नाही पण "फक्त ७७ माणसं?" म्हणून वाद भलतीकडे जातो.

आकड्यावर थांबू नका, कारण सांगा

बहुमताने विज्ञान ठरत नाही असं काका म्हणतात आणि ते बरोबर बोलतात. एकमत हा पुराव्याचा परिणाम आहे, पुरावा नाही. म्हणून दहा मिनिटं पुराव्याला द्याच, आणि तो कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपल्याला ढगाची रात्र माहीत आहे. डिसेंबरात आकाश मोकळं असेल तर पहाटे कशी थंडी पडते, कलमं मोहोरायला लागतात, आणि ढग आले की त्याच रात्री थंडी गायब, पांघरूण लागत नाही, बागायतदार कपाळाला हात लावतो. थंडी गेली कुठे? दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, ढग ती अडवतो आणि त्यातली काही परत खाली पाठवतो. कार्बन डायऑक्साइड नेमकं हेच करतो, फरक एवढाच की तो दिसत नाही आणि सकाळी वाऱ्याने निघून जात नाही, त्यातला बराच शेकडो वर्षं राहतो.

आणि हे काल-परवा कोणी शोधून काढलेलं नाही. ज्या वर्षी रत्नागिरीत लोकमान्यांचा जन्म झाला त्याच वर्षी, १८५६ मध्ये, अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईने काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णता कशी शोषतात ते मोजलं. मुंबईत प्लेग आला त्या १८९६ साली स्वांते अऱ्हेनियस यांनी कागदावर गणित मांडलं की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी काही अंशांनी तापेल. आमच्या पडवीत टिळकांचं साल सांगितलं की सगळे एकदम सरळ बसतात, कारण बहुतेकांना वाटत असतं की हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेलं खूळ आहे.

मग "कार्बन डायऑक्साइड वाढला पण तो माणसाचाच कशावरून" हा प्रश्न येतोच, आणि हा चांगला प्रश्न आहे, विचारणाऱ्याला शाबासकी द्या. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत दहा लाख कणांमागे तो सुमारे २८० होता, १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आता ४२० च्या वर. हा वाढलेला कार्बन जुना आहे की नवा हे ओळखता येतं. जिवंत झाडापानांत कार्बन-१४ असतो, तो सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे लाखो वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात नि तेलात तो शिल्लकच नसतो. अणुचाचण्यांनी घोळ घालायच्या आधीच हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण घसरताना दिसलं होतं, म्हणजे जमिनीखालचा जुना कार्बन हवेत मिसळत होता. आणि सूर्य जास्त तापला म्हणून होतंय म्हणाल तर १९७८ पासून उपग्रह सूर्य मोजतायत, त्यात चढ नाही. शिवाय सूर्यामुळे असतं तर वरची हवा पण तापली असती. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. स्युकुरो मनाबे यांनी १९६७ मध्येच संगणकावर हे काढलं होतं, आणि २०२१ मध्ये त्यांना आणि क्लाउस हासेलमान यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

नोबेलवरून आठवलं. "अमुक नोबेलवाला म्हणतो हे सगळं खोटं आहे" असा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला नसेल तर येईल. असे लोक आहेत हे आधी मान्य करा, लपवू नका. जॉन क्लाउजर यांना २०२२ मध्ये नोबेल मिळालं, इवार गिएव्हर यांना १९७३ मध्ये, आणि दोघांनी हवामानाच्या निष्कर्षांना उघड विरोध केला. पण क्लाउजर यांचं काम क्वांटम भौतिकीतलं, गिएव्हर यांचं सुपरकंडक्टरमधलं. माझ्या आत्याला हृदयाचा त्रास झाला तेव्हा आम्ही नावाजलेल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो नाही, तो कितीही हुशार असला तरी. दुसरा फॉरवर्ड म्हणजे ३१ हजार शास्त्रज्ञांनी सह्या केल्यात. ती ओरेगॉन याचिका, १९९८ ची सुरुवात, ३१,४८७ सह्या, पण सही करायला विज्ञान शाखेची साधी पदवी पुरेशी होती, म्हणजे आपल्या गावातला बी.एस्सी. झालेला कोणीही चालला असता, आणि त्यांच्याच यादीप्रमाणे हवामानशास्त्रातले ३९. ही माहिती शांतपणे द्या.

"सत्तर साली हेच लोक हिमयुग येणार म्हणत होते" हे पण ऐकाल. तशा बातम्या आल्या होत्या, खरं आहे. पण नंतर कोणीतरी बसून १९६५ ते १९७९ चे निबंध मोजले तर थंडी वाढेल म्हणणारे ७ निघाले आणि तापेल म्हणणारे ४४. बातमी वेगळी, निबंध वेगळा.

चूक झाली असेल तिथे सरळ मान्य करा

हिमालयाचं प्रकरण आमच्याकडे मुंबैचे भावजी काढतात. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २००७ च्या अहवालात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील. ते साफ चुकीचं होतं. यावर सारवासारव करायला गेलात की तुमचं पुढचं एक वाक्य कोणी ऐकणार नाही. मी सरळ म्हणतो, हो भावजी, चुकले, आणि मग विचारतो की चूक पकडली कोणी? हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच, आणि त्यात आपले भारतीय होते, व्ही. के. रैना यांचा अहवाल २००९ मध्ये आला होता. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने जाहीर खेद व्यक्त केला. जे लोक एकमेकांच्या चुका अशा चव्हाट्यावर आणतात ते संगनमत करून जगाला फसवतायत हे पटत नाही.

शास्त्रज्ञाला नाव कमवायचं असतं ते दुसऱ्याला चूक ठरवून, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. रिचर्ड म्युलर नावाचे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ, त्यांना तापमानाच्या नोंदींवर विश्वासच नव्हता, त्यांनी स्वतःचा वेगळा गट काढला, सगळ्या नोंदी पहिल्यापासून तपासल्या, पैसे देणाऱ्यांत तेलाच्या धंद्यातल्या कुटुंबाची संस्था पण होती, आणि २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तापमान वाढतंय आणि ती वाढ जवळजवळ पूर्ण माणसामुळे आहे. ही गोष्ट मी नेहमी सांगतो, ऐकणाऱ्यांना ती आकड्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

आता माझी चूक. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा आठवड्याभरात मी नातेवाइकांत सांगत सुटलो की हे ग्लोबल वॉर्मिंग, बघा, अजून पुरावा हवाय का. आतोबा चिपळूणचे, त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी गेलेलं, भिंतीवर चिखलाची रेघ अजून ओली होती. त्यांनी मला एवढंच विचारलं, "नदीत गाळ किती साचलाय ते बघितलंस का कधी? भरतीची वेळ कुठली होती ते माहित्ये?" मला काही बोलता आलं नाही आणि येणार पण नव्हतं. वाशिष्ठीतला गाळ, पात्राला लागून झालेली बांधकामं, समुद्राची भरती, आणि वरून कोसळलेला पाऊस, हे सगळं एकत्र आलं होतं. त्यातल्या पावसात वॉर्मिंगचा हात किती हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. एवढंच खात्रीने म्हणता येतं की हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पाऊस आणखी मुसळधार व्हायला वाव मिळतो. एका घटनेला कधीच पुरावा म्हणून उभं करू नका, ती उलटते, आणि ज्याचं घर बुडालंय त्याच्यासमोर तर मुळीच नको.

बाबांची कॅलेंडरं

समोरच्याच्या अनुभवाचं काय करायचं हा सगळ्यात नाजूक भाग. आमचे बाबा दरवर्षीच्या कालनिर्णयवर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहितात. "वरच्या बागेत मोहोर." "ढग." "दुसरी फवारणी." "पहिली पेटी वाशीला." जुनी सगळी कॅलेंडरं सुतळीने बांधून माळ्यावर ट्रंकेत, कडा कसरीने खाल्लेल्या, काही पानांवर पंपाच्या औषधाचे पिवळे डाग. एकदा वादात त्यांनी मला ट्रंक खाली काढायला लावली, "माका पेपर दाखव नको, ह्या बघ." आम्ही चार जणांनी बसून पहिल्या पेटीच्या तारखा एका वहीत उतरवल्या. सरळ काही निघालं नाही. एक वर्ष लवकर, एक वर्ष उशीर, एक वर्ष पेटीच नाही. काका म्हणाले बघा, काही बदललं नाही, पोरं म्हणाली बघा किती बदललं, आणि वही तीच.

त्या दिवशी मला सांगायची रीत सापडली. म्हटलं, काका, ही एका बागेची वही आहे. अशाच वह्या जगभर लोकांनी ठेवल्यात, जहाजांवर, बंदरांवर, वेधशाळांत. मुंबईत अपोलो बंदराजवळ समुद्राची पातळी १८७८ पासून नोंदवली जातेय. हवामान म्हणायला निदान ३० वर्षांची सरासरी घेतात, ती एवढ्यासाठीच की एका वर्षाच्या मोहोरावरून काही कळत नाही. एका बागेच्या वहीत वर्षावर्षाचा चढउतार एवढा मोठा असतो की खालची हळू वाढ दिसत नाही, हजारो वह्या एकत्र मांडल्या की दिसते. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या वह्यांतून एकच गोष्ट निघते, त्याला एकमत म्हणतात. काकांचा बाबांच्या पेन्सिलीवर पूर्ण विश्वास आहे, त्यामुळे हे त्यांना खोडता आलं नाही.

मामाकडे होडी आहे, त्याला समुद्राचं सांगायचं. तो म्हणतो पूर्वी वादळं पूर्वेच्या समुद्रात, आपल्याकडे क्वचित, आणि आता निसर्ग चक्रीवादळ झालं ३ जून २०२०, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपल्या, पुढच्याच मे मध्ये तौक्ते. इथे नुसती मान डोलावू नका, त्याला मोजलेलं सांगा, की पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हाच हिशोब केलाय, १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, आणि आपला समुद्र तापतोय हे त्याचं मोठं कारण दिलंय. मासा कमी झाला ते मात्र सगळं वॉर्मिंगवर टाकू नका. एलईडी लावून होणारी मासेमारी, मोठ्या बोटींचं पर्ससीन जाळं, बारीक आसाचं जाळं, हे मामाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि तुम्ही ते वगळलंत की त्याला वाटणार हा पण मोठ्या बोटवाल्यांना वाचवतोय.

बोलायची पद्धत

वयाने मोठ्या माणसाला दहा जणांसमोर चूक ठरवायचं नाही. काकांना बाजूला, सकाळी, चहाच्या वेळी गाठावं, तिथे ते खूप वेगळं ऐकतात. "तुम्हाला काही कळत नाही" हा सूर लागला की संपलं. एका बैठकीत एकच मुद्दा. आणि एक प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारतो, तुमचं मत बदलायला कुठला पुरावा लागेल? त्याच्याकडे उत्तर नसेल तर वाद तिथेच थांबवा, नारळ सोला, मोदकांना मदत करा. आणि तुमचं स्वतःचं उत्तर तयार ठेवा, कारण तो उलट विचारणारच. माझं उत्तर असं की उद्या वरचा थर पण तापताना दिसला आणि सूर्याची उष्णता वाढलेली मोजली गेली तर मी माझं मत मागे घेईन.

काकांना गेल्या वर्षी हाच प्रश्न केला. बराच वेळ सुपारी चघळत बसले आणि म्हणाले, गोऱ्यांचं नको, पुण्याच्या हवामानवाल्यांनी लिहून दिलं तर मानीन. ते लिहून दिलेलं आहेच. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल, आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी केलेला. मोबाईलवर उघडून एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि त्याचं मुख्य कारण माणसाने सोडलेले वायू. १९५१ ते २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सुमारे १ अंशाने तापला. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ मध्ये वर्षाला ३.३ मिलिमीटरने वाढत गेली, आधीच्या शतकात हा वेग १ ते पावणेदोन मिलिमीटर होता. आणि १९५१ ते २०१५ मध्ये पावसाळ्यातला पाऊस देशभरात सुमारे ६ टक्क्यांनी घटला, त्यात पश्चिम घाटाचं नाव आहे. इथे काकांनी मला थांबवलं, "ह्या खरा. ह्या माका म्हायत आसा."

मग त्यांनी विचारलं की पुढे आपल्या सड्यावर पाऊस वाढणार की कमी होणार. इथे मला खरं सांगावं लागलं की यावर अजून पूर्ण एकमत नाही. हवेतल्या धुराच्या कणांनी आत्तापर्यंत पाऊस दाबून ठेवला असं बहुतेकांचं मत आहे, पुढे पृथ्वी तापत गेली तर देशाचा एकूण मान्सून वाढेल असा अंदाज आहे आणि कमी वेळात खूप कोसळणारा पाऊस वाढेल, पण घाटाखालच्या आपल्या चिंचोळ्या पट्टीत वर्षाचा पाऊस नेमका किती होईल यावर संगणकाची मॉडेल्स एकमेकांशी जुळत नाहीत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल यावरही आयपीसीसी २.५ ते ४ अंश असा पट्टा देते, एक आकडा नाही. काका म्हणाले, मग ह्याच मी सांगत होतो. म्हटलं नाही काका, तुम्ही तापतेय की नाही यावर एकमत नाही म्हणत होता, हे किती तापेल यावर आहे. ते हसले नाहीत, चिडले पण नाहीत, तो अहवाल छापून मिळेल का एवढं विचारलं.

तो इंग्रजीत आहे आणि शेकडो पानांचा आहे. म्हणून मी त्यातला पावसाचा, समुद्राचा आणि वादळांचा भाग मराठीत उतरवतोय, आत्तापर्यंत अकरा पानं झालीत. यंदा चतुर्थीच्या आधी मोठ्या अक्षरांत छापून नेणार आहे, एक प्रत काकांना आणि एक मामाला.